घरी येणाऱ्या थेरपिस्टची पारख



दुकानावर नवा मेहताजी ठेवायचा झाला की आपल्याकडे चौकशीला सीमा नसते. तो पूर्वी कोणाच्या पेढीवर होता, तेथून का निघाला, हिशेबाला कसा आहे, जबानीचा कसा आहे, हे चार ठिकाणी विचारल्याखेरीज गल्ल्याची किल्ली त्याच्या हाती जात नाही. पहिले काही महिने रोजमेळ शेटजी स्वतः तपासतात. परंतु घरातील तीन वर्षांच्या बाळाला स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, असल्याचे निदान झाले आणि ‘घरी येऊन वर्तनोपचार करणारी’ व्यक्ती शोधण्याची वेळ आली, की हाच चोखंदळ व्यापारी एका फोनवर होकार देतो, सहा महिन्यांची फी आगाऊ भरतो आणि थेरपिस्ट मुलाला घेऊन आतल्या खोलीत गेली की बाहेरून दार ओढून घेतो. यात निष्काळजीपणा नसतो. निदानाचा धक्का, ‘वेळ दवडू नका’ असा चहूकडून आलेला सल्ला आणि विषयाची अपरिचितता यांमुळे पारख करण्याचे बळच त्या घडीला उरत नाही. म्हणून ती पारख कशी करावी, याचा विचार आजच्या सदरात करू.

हा विचार मी मुद्दाम इगतपुरी-घोटीसारखे गाव डोळ्यांसमोर ठेवून करीत आहे. मुंबई-पुण्यात दहा केंद्रांतून एक निवडता येते. इगतपुरीत प्रश्न वेगळा असतो. नाशिक सुमारे ४५ किलोमीटरवर, मुंबई घाटाखाली. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून ठाणे जवळ आले, हे खरे. पण एक तासाच्या सेशनसाठी जाऊन-येऊन दोन-तीन तास प्रवास करणारा माणूस आठवड्यातून कितीदा येईल? त्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस झेलणारे हे गाव. आषाढ-श्रावणात ठरलेले सेशन बुडणार, हे गृहीत धरूनच व्यवस्था बसवावी लागते. ज्यांच्या गावी पर्याय मोजके आहेत, त्यांनी पारख सोडून चालत नाही. उलट तीच त्यांना अधिक लागते.

वर्तनोपचार म्हणजे काय?

स्वमग्नता हा रोग नव्हे. मेंदूच्या जडणघडणीतील ती जन्मजात भिन्नता आहे. संवाद, इतरांशी देवाणघेवाण, बदल स्वीकारणे, आवाज-स्पर्श-प्रकाश सोसणे यांत या मुलांची वाट निराळी असते. लिओ कॅनर यांनी १९४३ साली तिचे पहिले सविस्तर वर्णन केले. पुढे काही दशके ‘आईच्या मायेत ओलावा कमी पडल्याने मूल असे होते’ असा क्रूर सिद्धांत मोठमोठे तज्ज्ञ मांडीत राहिले. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, ज्याचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता, त्या सिद्धांताला सप्रमाण आव्हान दिले आणि कालांतराने तो मोडीत निघाला. आपल्याकडे तोच आरोप ‘पूर्वकर्माच्या’ नावाने सुनेवर येतो. कर्मसिद्धांत आपल्याला स्वतःच्या आचरणाकडे पाहायला शिकवितो. दुसऱ्याच्या कपाळी दोष लिहिण्याचा अधिकार तो कोणालाही देत नाही. ज्या घरात आई आरोपीच्या पिंजऱ्यात उभी असते, तेथे कोणताही उपचार रुजत नाही. म्हणून थेरपिस्ट शोधण्यापूर्वी घराने हे एवढे काम उरकावे.

वर्तनोपचाराचे मूळ सूत्र साधे आहे. कोणत्याही वागण्याआधी काय घडले, मुलाने काय केले आणि त्यानंतर त्याला काय मिळाले, या तीन गोष्टी नोंदवायच्या. समजा, दुकानात गर्दी वाढली, मूल किंचाळू लागले आणि गप्प बसावे म्हणून आपण त्याच्या हाती मोबाइल दिला. मूल काय शिकले? किंचाळले की मोबाइल मिळतो. पण कदाचित त्याला मोबाइल नकोच असेल. गर्दीचा गोंगाट असह्य होऊन तो तेथून सुटू पाहत असेल. वरून वागणे एकच, पण कारणे दोन, आणि म्हणून उपायही दोन. चांगला वर्तनोपचारक आधी कारण शोधतो. मुलाला काही हवे आहे, काही टाळायचे आहे, कोणाचे लक्ष वेधायचे आहे, की त्या हालचालीतून शरीराला स्वस्थता मिळते आहे? मग किंचाळण्याऐवजी तेच सांगण्याचा सोपा मार्ग तो शिकवितो: बोट दाखवणे, चित्राचे कार्ड देणे, कानांवर हात ठेवून ‘बाहेर’ म्हणणे. मोठे कौशल्य लहान पायऱ्यांत तोडून प्रत्येक पायरी जमली की लगेच दाद देणे, ही याच शास्त्राची दुसरी बाजू. हात धुणे, सदऱ्याची गुंडी लावणे, शौचाला सांगणे, रांगेत थांबणे हे सारे याच रीतीने शिकविता येते.

अहिंसेची कसोटी

या उपचारपद्धतीचा इतिहास मात्र निष्कलंक नाही, आणि पालकांनी तो जाणून असावे. अमेरिकेतील ओले इव्हार लोवास यांनी १९८७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ४० तास उपचार मिळालेल्या १९ मुलांपैकी ९ मुले बुद्धिमापनात आणि शाळेत सर्वसाधारण मुलांच्या बरोबरीने आली, असे त्यात म्हटले होते. जगभर ‘४० तास’ हा आकडा तेथून पसरला. पण त्या अभ्यासात मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, आणि लोवास यांच्या त्या काळच्या पद्धतीत दरडावणे व चापट मारणे यांचाही समावेश होता. आज मोठी झालेली अनेक स्वमग्न माणसे सांगतात की, हात हलवू नको, डोळ्यांत पाहा, नीट बस, अशा सततच्या सक्तीने आम्हाला वरवर ‘इतरांसारखे’ केले, पण आतून भयभीत ठेवले. दुसरीकडे, या शास्त्राच्या नव्या शाखा खेळातून, मुलाच्या आवडीच्या मागे जात, रोजच्या व्यवहारात शिकवितात, आणि त्यांना चांगला संशोधनाधार मिळत आहे. तेव्हा ‘एबीए चांगले की वाईट’ हा प्रश्न अपुरा आहे. आपल्या दारी जो येणार आहे, तो यांपैकी काय करतो, हे विचारले पाहिजे.

येथे आपल्या परंपरेने दिलेली कसोटी फार उपयोगी पडते. हिंसा मनाने, वचनाने आणि कायेने होते. आणि ती स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे व तिला अनुमोदन देणे, या तिन्हींचा दोष लागतो. थेरपिस्टने मुलाला चिमटा काढला नाही, एवढ्याने अहिंसा पूर्ण होत नाही. ‘वेडा आहेस का’ असे म्हणणे ही वचनाची हिंसा. मूल थकून रडत असता ‘काम संपेपर्यंत उठायचे नाही’ म्हणून त्याला खुर्चीत दाबून बसविणे ही कायेची हिंसा. भुकेल्या मुलासमोर खाऊ धरून आज्ञा पाळायला लावणे ही कोणत्या सदरात टाकायची, ते वाचकांनीच ठरवावे. आणि बंद दाराबाहेर बसून ते रडणे ऐकत ‘शिस्त लागते आहे’ असे स्वतःला समजाविणारे आपण करविणाऱ्यांत आणि अनुमोदन देणाऱ्यांत मोडतो.

म्हणून पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारावे: “मूल नाही म्हणाले, रडले, उठून गेले, तर आपण काय कराल?” जो म्हणेल की आधी कारण पाहीन, काम सोपे करीन, विश्रांती देईन, ‘नको’ कसे सांगायचे ते शिकवीन, त्याच्याशी पुढे बोलावे. “पहिले काही दिवस रडतातच, तुम्ही आत येऊ नका,” असे उत्तर आले तर चहा पाजून निरोप द्यावा.

तासांचा हिशेब

आता व्यापारी मनाला रुचेल असा हिशेब करू. आठवड्याचे तास १६८. लहान मूल रोज बारा तास जागे असते असे धरले, तर जागेपणीचे तास ८४. नाशिकहून थेरपिस्ट आठवड्यातून दोनदा, दीड-दीड तास आले, तर झाले तीन. उरलेले ८१ तास मूल आपल्या घरातच असते: आईबरोबर, आजीबरोबर, काकांच्या मांडीवर, दुकानाच्या पायरीवर. तीन तासांत जे शिकविले, ते ८१ तासांत विस्कटणार की मुरणार, हे घरावर अवलंबून आहे.

‘तास वाढवा, तितका लाभ वाढेल’ हे गणितही सरळ नाही. २०२४ साली ‘जामा पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. लहान स्वमग्न मुलांना मिळालेल्या उपचारांचे प्रमाण आणि त्यांची प्रगती यांत ठोस नाते त्या आढाव्याला आढळले नाही. त्यामुळे ‘४० तासांचे पॅकेज’ परवडत नाही म्हणून कोणत्याही आईवडिलांनी अपराधी वाटून घेऊ नये.

याहून आपल्या जवळचा दाखला गोव्याचा आहे. ‘संगात’ ही गोव्यातील संस्था आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथील सहकारी यांनी २०१३ साली ६५ स्वमग्न मुलांवर एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१६ च्या ‘लॅन्सेट सायकिॲट्री’त आले. मुले दोन ते नऊ वर्षांची होती. उपचार देणारे मोठे पदवीधर तज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेले सामान्य आरोग्य कार्यकर्ते होते. एकूण १२ सत्रे. कार्यकर्ता आई किंवा वडील मुलाशी खेळतात त्याचे छोटे चित्रीकरण करी आणि ते त्यांच्यासोबत बसून पाही. मूल कोठे पाहत होते, त्याने काय सुचविले, आपण ते कोठे टिपले आणि कोठे निसटले, यावर बोलणे होई. आठ महिन्यांनी पाहता, आईवडील मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले होते आणि मुले स्वतःहून संवादाला अधिक सुरुवात करू लागली होती. सगळेच सुधारले असे नाही. एकत्र एकाच गोष्टीकडे लक्ष देण्याचा वेळ मात्र घटलेला दिसला. अभ्यास लहान होता. तरीही मोठ्या शहरापासून दूर राहणाऱ्या घरांना त्यातून दिशा मिळते. मुलाला शिकविणाऱ्यापेक्षा मुलासह घराला शिकविणारा थेरपिस्ट निवडावा. दिल्लीची ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही १९९१ पासून काम करणारी संस्थाही पालकांना मुलासोबत बसवून प्रशिक्षण देत आली आहे.

पाटी आणि पात्रता

‘एबीए थेरपिस्ट’, ‘बिहेवियर थेरपिस्ट’, ‘शॅडो टीचर’ या पाट्यांवरून माणसाचे शिक्षण कळत नाही. एखाद्याने तीन वर्षे अभ्यास केलेला असतो, तर एखाद्याने शनिवार-रविवारचे शिबिर. म्हणून कागद पाहावेत. विशेष शिक्षक, वाचा व भाषोपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते; या परिषदेला १९९२ च्या कायद्याने वैधानिक दर्जा मिळाला. नोंदणी क्रमांक विचारावा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर तपासावा. ऑक्युपेशनल थेरपिस्टची नोंदणी महाराष्ट्रात व्यवसायोपचार व भौतिकोपचार यांच्या राज्य परिषदेकडे असते. काहींकडे ‘बीसीबीए’ हे अमेरिकी प्रमाणपत्र असते. ते चांगल्या दर्जाचे आहे, पण ती संस्था १ जानेवारी २०२३ पासून भारतातून नवे अर्ज घेत नाही. त्यामुळे कोणी ते मिळविल्याचे सांगितले तर साल विचारावे. ‘आरबीटी’ हे सहायकाचे प्रमाणपत्र असून त्यामागचे वर्गशिक्षण ४० तासांचे असते. असा सहायक उत्तम काम करू शकतो, परंतु देखरेखीखालीच.

यातूनच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न निघतो: योजना कोण आखणार, घरी प्रत्यक्ष कोण येणार आणि पहिला दुसऱ्याचे काम किती वेळा पाहणार? पुष्कळ ठिकाणी पहिल्या भेटीला ज्येष्ठ बाई येतात आणि नंतर दर दोन महिन्यांनी नवी मुलगी दाराशी उभी राहते. बदल सोसणे ज्याला सर्वांत कठीण, त्याच मुलाला नव्या चेहऱ्याशी पुन्हा जुळवून घ्यावे लागते. इगतपुरीसारख्या ठिकाणी व्यवहार्य रचना अशी होऊ शकते. महिन्यातून एकदा नाशिक, ठाणे वा मुंबईतील बालविकासतज्ज्ञ किंवा ज्येष्ठ उपचारतज्ज्ञ यांची भेट. आठवड्यातून एक-दोनदा घरी येणारा थेरपिस्ट. गावातीलच एखादी शिकलेली, मायाळू तरुणी रोज एक तास, त्याच योजनेनुसार. आणि उरलेला वेळ घर. पावसाने रस्ता अडविला तर ज्येष्ठ तज्ज्ञांनी मोबाइलवर चित्र पाहून मार्गदर्शन करावे, हे आधीच ठरवून ठेवावे. वर्तनोपचार हा एकच खांब आहे, हेही लक्षात असावे. बोलण्यासाठी भाषोपचार, हालचाल आणि संवेदनांसाठी ऑक्युपेशनल थेरपी यांची गरज तज्ज्ञ तपासून सांगतात. आणि श्रवणचाचणी झाली नसेल तर ती सर्वांत आधी.

ध्येये आणि रोजमेळ

“तीन महिन्यांत काय साधेल?” असे विचारल्यावर “खूप फरक पडेल” हे उत्तर स्वीकारू नये. ध्येय मोजता आले पाहिजे. ‘संवाद सुधारणे’ हे ध्येय नव्हे. ‘पाणी हवे असता न रडता ग्लासाचे चित्र किंवा शब्द वापरणे, दिवसातून तीन वेळा, आई आणि आजी दोघींपाशी’ हे ध्येय. अशी तीन-चारच ध्येये घ्यावीत आणि ती घराच्या गरजेतून निघावीत. रंगांची इंग्रजी नावे तोंडपाठ होण्यापेक्षा पोट दुखते आहे हे सांगता येणे मोलाचे आहे. आपल्या घरांत पुष्कळदा असे दिसते की, मूल संपूर्ण नवकार मंत्र गोड स्वरात म्हणते आणि सर्वांचे डोळे भरून येतात. पण त्याच मुलाला तहान लागल्याचे सांगता येत नाही. ऐकलेले जसेच्या तसे उच्चारणे हा या मुलांच्या भाषेचा एक टप्पा असतो. तो आनंदाने स्वीकारावा, परंतु त्यालाच संवाद समजू नये. चित्रकार्डे दिली तर मूल बोलायचे थांबेल, ही भीतीही बाळगू नये. अनुभव आणि अभ्यास दोन्ही तिच्या विरुद्ध आहेत.

नोंद रोजची हवी. थेरपिस्टची वही वेगळी आणि घराची वेगळी, असे न करता एकच वही ठेवावी: आज किती वेळा मागितले, किती वेळा मदत लागली, किती वेळा भडका उडाला आणि त्याआधी काय घडले होते. महिन्याअखेर सर्वांनी बसून खतावणी करावी. तीन महिन्यांत एकाही ध्येयाची रेषा हलली नाही, तर दोष मुलाचा न मानता योजना बदलावी. योजना बदलायला थेरपिस्ट तयार नसेल तर थेरपिस्ट बदलावा. ती वही आणि सर्व अहवाल कुटुंबाच्या मालकीचे, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्यावे.

व्यवहाराच्या अटी

एका पानावर साध्या मराठीत करार करावा. फी दर सेशनची की महिन्याची. प्रवासखर्च त्यात आहे की वेगळा. सेशन घाटातील पावसाने बुडाले तर काय आणि मूल आजारी पडले तर काय. पर्युषणात किंवा लग्नसराईत घर बंद असेल तर काय. सोडण्यापूर्वी किती दिवसांची सूचना. वर्षाचे पैसे एकरकमी मागणाऱ्या ‘सवलतीच्या’ योजना नाकाराव्यात, कारण पैसे अडकले की अयोग्य माणसालाही निरोप देणे जड जाते. दुसरीकडे, नाशिकहून दीड तास बसने येणाऱ्या मुलीची फी घासाघीस करून पाडूही नये. जो आपल्या मुलासाठी मन लावून काम करतो, त्याचे वेतन वेळेवर देणे हा आपल्या न्यायसंपन्न वैभवाचाच भाग आहे.

सुरक्षिततेच्या बाबतीत संकोच नको. दार उघडे असावे आणि घरातील एक प्रौढ माणूस नजरेच्या टप्प्यात असावा. पोलीस पडताळणी करून घ्यावी. न सांगता कधीही आत येऊन बसण्याचा आईवडिलांचा हक्क मान्य नसेल, तर बोलणे तेथेच थांबवावे. शौच व स्नानाचे प्रशिक्षण कोण देणार, हे आधी ठरवावे. मुलाचे चित्रीकरण कुटुंबाच्या लेखी संमतीशिवाय कोठेही जाऊ नये. थेरपिस्टच्या जाहिरातीत तर मुळीच नाही. ज्या मुलाला घडलेले सांगता येत नाही, त्याच्या वतीने आपणच डोळे उघडे ठेवायचे असतात. विशिष्ट व्यक्ती दिसताच मूल लपू लागले, झोप उडाली, अंगावर वण दिसले, तर “त्याला शिस्त आवडत नाही” हे स्पष्टीकरण पुरेसे मानू नये.

घराचे आचारही पहिल्याच दिवशी सांगावेत. बक्षीस म्हणून चॉकलेट, जेली, बटाट्याचे वेफर देण्याची पद्धत सर्रास आहे. आपल्याकडे कंदमूळ चालत नाही, जेलीत जिलेटिन असू शकते आणि सूर्यास्तानंतर मूल जेवत नाही, हे स्पष्ट बोलावे. याचा एक लाभही होतो: खाऊऐवजी मुलाची खरी आवड शोधावी लागते. झोका, पाण्याचा नळ, फिरता भोवरा, दुकानातील तराजूची हलती दांडी यांपैकी कशात त्याचा जीव रमतो, ते घरच्यांनाच ठाऊक असते. चौविहाराच्या निमित्ताने जेवणाची वेळ ठरलेली असते, हे तर या मुलांना मोठेच वरदान, कारण ठरलेला क्रम त्यांना आधार देतो. मंदिरात चप्पल काढणे, पायऱ्या चढणे, रांगेत थांबणे हा उत्तम अभ्यास आहे. मात्र घंटेचा आवाज सोसत नसेल, कपाळी तिलकाचा स्पर्श नको असेल, तर बळजबरी करू नये. मुलाशी घरात मारवाडी, गुजराती वा मराठी जी मायबोली असेल तीच बोलावी. दोन भाषांनी स्वमग्न मुलाचे नुकसान होते, असे अभ्यासांतून दिसलेले नाही.

एकत्र कुटुंबात आणखी एक गाठ असते. आई चित्र मागते, आजी दयेने मोबाइल देते, काका हसून बिस्किट देतात. मुलाला तीन घरांत राहिल्यासारखे वाटते. महिन्यातून एकदा थेरपिस्टने सर्वांना एकत्र बसवून समजावावे, ही अट करारातच घालावी. आणि हे सारे ओझे एकट्या आईवर टाकू नये. वडिलांनी रोजचे एक काम आपले म्हणून घ्यावे. सकाळी दुकान उघडताना मुलाच्या हाताने दिवा लावणे, तांदळाच्या नमुन्याच्या पुड्या मोजून मांडणे, असे काहीही. थकलेल्या आईला आठवड्यातून काही तास पूर्ण मोकळे मिळाले, तर उपचार वर्षानुवर्षे टिकतो.

भूल आणि आधार

‘बरे करून देतो’ असे म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. स्वमग्नता ‘बरी’ होत नाही. मूल शिकते, वाढते, पुष्कळ बाबतीत स्वावलंबी होते. स्टेमसेलच्या नावाखाली लाखो रुपये घेतले जातात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने २०२२ च्या डिसेंबरातच स्वमग्नतेसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही, असे सांगितले आहे.

शासकीय आधार मात्र अवश्य घ्यावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मान्य झालेल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. प्रमाणपत्रासाठी ४० मुद्द्यांची भारतीय मापनश्रेणी वापरतात. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असल्यास पुढील बहुतेक लाभ मिळतात. त्याच कायद्याच्या कलम ३१ नुसार अशा बालकाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत जवळच्या किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमाकवच असून त्यात थेरपीचाही खर्च काही मर्यादेत मिळतो. जुन्या करपद्धतीने विवरण भरणाऱ्यांना कलम ८० डीडीखाली ७५ हजार, आणि तीव्र दिव्यांगत्वासाठी सव्वा लाख रुपयांची वजावट मिळत आली आहे. सध्याचा नियम आपल्या सी.ए.ला विचारावा. लहान मुलांच्या विकासाची तपासणी आणि शीघ्र उपचार यांसाठी नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. तेथे फी आड येत नाही.

शेवटी एक गोष्ट, जी आपल्या समाजात उघड बोलली जात नाही. ‘घरीच थेरपी’ हा पर्याय कित्येकदा सोयीसाठी निवडला जात नाही; तो लपविण्यासाठी निवडला जातो. मोठ्या बहिणीचे लग्न व्हायचे आहे, बायोडेटा फिरतो आहे, कोणाला कळायला नको. मग मूल जिन्याच्या वरच्या खोलीत वाढते. पाहुणे आले की त्याला मागे नेतात. शिकण्यासाठी घर ही उत्तम जागा आहे, परंतु जे शिकले ते वापरायला अंगण, दुकान, पाठशाळा, उपाश्रय आणि शाळा लागते. चांगल्या थेरपिस्टची ओळख हीच की, काही महिन्यांनी तो स्वतः म्हणतो, “चला, आता याला बाहेर नेऊ या.” त्या दिवशी घराने मागे सरू नये. आणि स्थळ पाहणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे: ज्या घराने असे मूल सांभाळून, सर्वांसमक्ष वाढविले, त्या घरातील मुलीइतकी धीराची सून क्वचितच मिळेल.

संघानेही येथे आपला वाटा उचलावा. इगतपुरी आणि घोटी मिळून अशी चार-पाच मुले निघाली, कोणत्याही समाजाची, तर नाशिकच्या थेरपिस्टला एकेका घरी प्रवास करीत बसावे लागणार नाही. सामाजिक भवनातील एक शांत, हवेशीर खोली आठवड्यातून दोन सकाळी द्यावी. प्रवासखर्च ट्रस्टने सोसावा. मुले पाळीपाळीने यावीत, आयांनी एकमेकींना भेटावे. आपल्याकडे आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. या एका खोलीत औषध, ज्ञान आणि अभय ही तिन्ही एकत्र घडतील. येत्या चातुर्मासात ज्या संघांच्या बैठका होतील, त्यांच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय अवश्य यावा, एवढीच विनंती.